वर्धाकाठची सावली आणि वाकणारा प्रकाश

22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावास्या. भर दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली, वऱ्हाड ओलांडून वर्धा नदीकाठी पुलगावला पोचली आणि तशीच ईशान्येला शहडोलकडे निघून गेली. पुलगावपासून पन्नास-साठ किलोमीटरवर, वर्धा–नागपूर रस्त्यावरचे केळझर या वाटेच्या अगदी लगतचे. लोकपरंपरा या गावाला पांडवांची एकचक्रानगरी मानते, भीमाने बकासुराला मारले ते इथेच असे सांगते. डोंगरावरच्या सिद्धिविनायकाला विदर्भभरातून माणसे येतात. त्या दिवशी या पट्ट्यातल्या गावोगावी लोकांनी वेध पाळले असतील, ग्रहण सुटल्यावर स्नान-दान केले असेल. पण त्याच सावलीखाली, वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर, काही माणसे दुर्बिणी रोखून उभी होती. प्रकाशाच्या वाटेवर आणि वेगावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो, हे विसाव्या शतकाने कसे स्वीकारले याचा इतिहास लिहिताना या माणसांना वगळता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट 1919 च्या एका ग्रहणात सुरू होऊन तिथेच संपते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने फोटो घेतले, आइन्स्टाइन खरा ठरला आणि जग बदलले. ही मांडणी सुटसुटीत आहे, पण अपुरी आहे. तो निकाल पंचवीस वर्षांच्या कसबाने, शंकांनी आणि फसलेल्या मोहिमांनी घडला, आणि त्यातल्या तीन महत्त्वाच्या माणसांनी त्या शनिवारी आपल्या मातीवर उभे राहून खग्रास सूर्य पाहिला होता.

खगोलशास्त्रज्ञांनी ही गावे निवडली ती रेल्वेमुळे. मुंबई–नागपूर लोहमार्ग 1867 पासून चालू होता आणि सावलीची वाट त्याला पुलगावजवळच छेदत होती. टनावारी लोखंड, काचा आणि लाकडी खोकी बैलगाडीने फार लांब न्यायची नसतील, तर स्टेशनाशेजारी तळ टाकणे शहाणपणाचे होते. पुलगावला केंब्रिजचे ह्यू फ्रँक न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स यांचा तळ पडला. नदीपलीकडे वऱ्हाडात, लगतच्याच तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा चमू होता. त्यात वॉल्टर माँडर, ॲनी माँडर आणि तेव्हा हौशी असलेले जॉन एव्हरशेड होते. पश्चिमेला, चारशेहून अधिक किलोमीटरवर, जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा उभारून बसले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवालाही आपली यंत्रे घेऊन आले होते. न्यूऑल, एव्हरशेड आणि कॅम्पबेल ही तीन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

त्या वेळी नेमके काय केले जाई, हे जवळून पाहायला हवे. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी महिनोन्‌महिने तयारी, आठवडाभर रंगीत तालीम आणि प्रत्येक माणसाच्या हाताला एकच ठरलेले काम. चंद्राने सूर्याचे बिंब पुरते झाकले की क्षणभर त्याच्या कडेचा पातळ थर उजळतो. लोलक लावलेल्या कॅमेऱ्यात तो एकाखाली एक अशा चमकत्या कोरींच्या रूपात उमटतो, प्रत्येक कोर एकेका मूलद्रव्याच्या रंगाची. तळणीला एव्हरशेड यांनी त्या कोरींचे फोटो घेतले आणि हायड्रोजनच्या रेषा जिथे संपतात तिथून पुढे, डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील भागातही, सलग प्रकाश पसरलेला असल्याचे दाखवले. ॲनी माँडर यांनी लहानशा भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक किरण टिपला. तोवर इतका लांब किरण कोणाच्याच फोटोच्या काचेवर उमटला नव्हता. ही सगळी कामे एकाच कौशल्यावर उभी होती. दिवसा, उन्हाने तापलेल्या हवेत, यंत्र सूर्याच्या गतीने अचूक फिरवायचे, ठरलेल्या सेकंदाला काच उघडायची आणि मिटायची, आणि मग त्या काचेवरचे केसाहून बारीक अंतर मोजायचे. पुढे प्रकाशाचे वाकणे मोजताना याच कौशल्याची परीक्षा झाली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. 1898 साली पुलगावात, तळणीत किंवा जेऊरला कोणाच्याही मनात प्रकाशाचे वाकणे नव्हते. मग हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही का? कोणाच्या मनात ते नव्हते, हे खरेच आहे. पण ती कल्पना अस्तित्वात होती. जर्मन गणिती योहान फॉन सोल्डनर यांनी 1801 साली, प्रकाश हे न्यूटनच्या नियमाने ओढले जाणारे कण मानून, सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण 0.84 विकलांनी वळेल असे गणित केले होते. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. पुढे प्रकाश ही लाट आहे असे सर्वांनी मानले आणि सोल्डनरचे गणित विस्मरणात गेले. शिवाय 1898 च्या काचा या कामाला आल्याही नसत्या. त्या दिवशी सूर्य मकर राशीत होता. ग्रहणात ज्यांच्या जागा मोजाव्यात अशा ठळक ताऱ्यांचा गुच्छ तिथे नाही. 1919 च्या ग्रहणात सूर्य वृषभेतल्या रोहिणीजवळच्या हायडीज गुच्छात होता, हे एडिंग्टनचे भाग्य. आणि ताऱ्यांचे सरकणे ओळखायला सूर्य दूर असताना त्याच भागाचा रात्री घेतलेला फोटो लागतो. तो 1898 मध्ये कोणी घेतला नव्हता, कारण त्याची गरज कोणाला वाटली नव्हती. तेव्हा पुलगाव-जेऊरला प्रकाशाचे वाकणे दिसले असते असा दावा मी करत नाही. ज्यांना पुढे ते शोधायचे होते त्यांचे हात आणि डोळे तिथे तयार झाले, एवढाच माझा दावा आहे. इतिहासासाठी तो पुरेसा आहे.

1911 साली आइन्स्टाइन यांनी हा प्रश्न पुन्हा उचलला. त्यांनी दाखवले की गुरुत्वाकर्षणात घड्याळ मंद चालते. दुरून पाहणाऱ्याच्या हिशोबाने याचा अर्थ असा की सूर्याजवळ प्रकाश किंचित सावकाश जातो, आणि तरंगाची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा मागे राहिली की तरंग वळतो. उत्तर आले 0.83 विकला, म्हणजे जवळजवळ सोल्डनरचेच. 1915 साली पूर्ण सिद्धान्त हाती आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की सूर्याजवळ काळच नव्हे तर अवकाशही वक्र आहे, आणि वळण दुप्पट आहे : 1.75 विकला. पंचवीस मिलिमीटरचे नाणे तीन किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा हा कोन. ताऱ्याचा ठिपका काचेवर यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या मापाने सरकतो. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात बर्लिनचे खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिख जुन्या ग्रहणांच्या काचा मागत हिंडत होते. लिक वेधशाळेने त्यांना काचा दिल्या, पण त्या बुधाच्या कक्षेच्या आतल्या कल्पित ग्रहाच्या शोधासाठी घेतलेल्या होत्या आणि त्यांत सूर्य मध्यभागी नव्हता. मग स्वतः कॅम्पबेल या कामात उतरले. 1914 साली ते कीव्हजवळ ग्रहणासाठी गेले, तर ढग आले. महायुद्ध पेटले, फ्रॉइंडलिख रशियात अडकवले गेले आणि लिकची यंत्रे तिथेच राहिली. 1918 साली अमेरिकेतच, वॉशिंग्टन राज्यातल्या गोल्डनडेलला, उसन्या भिंगांनी फोटो घ्यावे लागले. त्या काचांवरून कॅम्पबेल यांनी जुलै 1919 मध्ये लंडनमध्ये सांगितले की आइन्स्टाइनचा परिणाम दिसत नाही. नंतर मोजणीवर त्यांचाच विश्वास बसेना आणि त्यांनी निकाल छापण्यापासून रोखला. मला या माणसाबद्दल मोठा आदर वाटतो तो याच ठिकाणी. उत्तर हवे तसे आले की नाही याची त्यांना फिकीर नव्हती. काच चांगली नाही हे कळल्यावर त्यांनी तिच्या आधारावर बोलणे थांबवले.

6 नोव्हेंबर 1919 रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची संयुक्त सभा भरली. ब्राझीलमधल्या सोब्राल गावी चार इंची भिंगाने 1.98 विकला आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन यांना 1.61 विकला असे आकडे मिळाले होते. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीने 0.93 दिले होते, पण उन्हाने आरसा बिघडून ठिपके पसरट झाल्यामुळे तो आकडा बाजूला ठेवला गेला. पुढे काही टीकाकारांनी यावर बोट ठेवले की हवे ते घेतले आणि नको ते टाकले. हा आक्षेप हलका नाही. पण त्याला दोन उत्तरे आहेत. एक, ते फोटो का टाकले याचे कारण काचेवरच दिसत होते, आणि मोहिमांची आखणी करणारे डायसन व एडिंग्टन यांनी ते लपवले नाही. दोन, आणि हे जास्त वजनाचे, 1919 वर कोणी थांबलेच नाही. त्या सभेत शंका घेणाऱ्यांमध्ये न्यूऑल होते, एकवीस वर्षांपूर्वी पुलगावला तळ ठोकणारे तेच न्यूऑल. त्यांचे म्हणणे असे की किरण वळला हे मान्य करू, पण तो गुरुत्वाकर्षणानेच वळला कशावरून? सूर्याभोवती आपल्याला वाटते त्याहून दूरवर विरळ वायू पसरलेला असेल, आणि त्यातून जाताना प्रकाशाचे अपवर्तन होत असेल. हे त्यांनी त्याच वर्षी छापूनही मांडले. ज्याने खग्रास सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे वर्णपट घेण्यासाठी अर्धे जग पालथे घातले, त्याला सूर्याच्या वातावरणाचा संशय येणे स्वाभाविक होते. 1919 नंतर घेतलेल्या शंकांपैकी ही मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तिचे उत्तर शोधताना गुरुत्वाकर्षण प्रकाशाला नेमके काय करते हेच स्पष्ट झाले.

उत्तर एडिंग्टन यांनी दिले. सूर्याच्या पृष्ठभागापासून एक त्रिज्या उंचीवर आइन्स्टाइनइतके वळण द्यायचे तर तिथल्या माध्यमाचा अपवर्तनांक 1.0000021 असावा लागेल. हा आकडा किरकोळ दिसतो, पण आपल्या हवेच्या मापाने तो वातावरणदाबाच्या एकशे चाळिसाव्या भागाइतका दाट वायू होतो. तेवढा दाट वायू सूर्यापासून सात लाख किलोमीटर उंच असता, तर तो ग्रहणात दिसणाऱ्या फिकट प्रभामंडलापेक्षा कितीतरी अधिक प्रखर दिसला असता, आणि सूर्याला चाटून जाणारे धूमकेतू त्यात अडखळले असते. तसे काही होत नाही. त्याहून निर्णायक मुद्दा रंगाचा आहे. वायूतून जाताना वेगवेगळे रंग वेगवेगळे वळतात, गुरुत्वाकर्षण मात्र रंग पाहत नाही. 1970 च्या दशकात दोन वेगळ्या तरंगलांबींच्या रेडिओ लहरी सूर्याजवळून जाताना मोजल्या गेल्या. त्यांत सूर्याच्या विद्युतभारित वायूचा वाटा वेगळा काढता आला आणि उरलेले वळण आइन्स्टाइनच्या आकड्याशी जुळले. म्हणजे न्यूऑल यांची शंका चुकीची ठरली, पण तिने विचारलेला प्रश्न अचूक होता. अवकाशच जणू बदलत्या अपवर्तनांकाचे माध्यम झाले आहे, असे गणित खरोखरच मांडता येते. फरक इतकाच की तिथे वायू नसतो, काळ आणि अवकाश यांचीच मापे बदललेली असतात.

इथे वेगाचा प्रश्न येतो, आणि चांगले वाचकही इथे अडतात. प्रकाशाचा वेग कधीच बदलत नाही असे शाळेत शिकलो, मग सूर्याजवळ तो मंदावतो कसा? दोन्ही विधाने खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या मोजणाऱ्यांची आहेत. सूर्याजवळ उभे राहून, जवळच्याच घड्याळाने आणि मोजपट्टीने मोजले, तर प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरच जातो. पृथ्वीवरून, आपल्या घड्याळाने, सूर्याला वळसा घालून आलेल्या प्रकाशाचा सगळा प्रवास मोजला, तर तो अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतो. अर्विन शॅपिरो यांनी 1964 साली हे मोजण्याची युक्ती सुचवली. सूर्यापलीकडच्या ग्रहावर रडारचे स्पंद पाठवायचे आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. येण्या-जाण्यात मिळून सुमारे 200 मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. तेवढ्या वेळात प्रकाश साठ किलोमीटर जातो, साधारण केळझरपासून पुलगावापर्यंत. शुक्र आणि बुध यांच्यावरून हा उशीर मोजला गेला, 1976 नंतर मंगळावरच्या व्हायकिंग यानांनी तो हजारात एक भाग इतक्या अचूकतेने दिला, आणि 2002 साली शनीकडे निघालेल्या कासिनी यानाने लाखात दोन-तीन भागांपर्यंत. म्हणून ‘वेग बदलतो का’ या प्रश्नावर वाद घालण्याआधी ‘कोण मोजतो आहे’ हे विचारावे.

एव्हरशेड यांची वाट मात्र हिंदुस्थानातूनच पुढे गेली. 1907 साली ते कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि 1911 ते 1923 तिचे संचालक राहिले. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे एव्हरशेड यांनी हाती घेतलेला एक प्रश्न आइन्स्टाइनच्या 1911 च्या लेखातून निघाला होता. सूर्यावर घड्याळ मंद चालत असेल, तर तिथून येणाऱ्या प्रकाशाच्या रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसाव्यात, दहा लाखांत दोन भाग. सूर्य आपल्यापासून सेकंदाला सहाशे मीटरने दूर जात असता तर जेवढे सरकणे झाले असते, तेवढेच हे. एव्हरशेड यांना सरकणे सापडले, पण ते सरळ नव्हते. बिंबाच्या मध्यभागी एक, कडेला दुसरे, या मूलद्रव्याला कमी, त्या मूलद्रव्याला जास्त. सूर्याच्या पृष्ठभागावर तापलेला वायू उकळून वर येतो आणि त्याची गती मोजणीत मिसळते, हा गुंता सोडवायला पुढची पिढी लागली. पण 1920 च्या सुमारास गुरुत्वाकर्षणाचा तांबडा सरकाव सूर्यात आहे, या बाजूला वजन टाकणाऱ्या प्रमुख निरीक्षकांत एव्हरशेड होते. वळणाचा अर्धा हिस्सा काळाच्या या मंदपणातूनच येतो, त्यामुळे दोन्ही मोजण्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

21 सप्टेंबर 1922 रोजी वायव्य ऑस्ट्रेलियात, वॅलल इथल्या ओसाड समुद्रकाठी खग्रास ग्रहण होते. सावली तिथे पाच मिनिटांहून अधिक थांबणार होती. कॅम्पबेल यांनी या वेळी तुलनेच्या रात्रीच्या फोटोंची तजवीज आधीच केली. सहकारी ट्रम्पलर यांनी ते चार महिने आधी ताहिती बेटावर घेऊन ठेवले होते. जेऊरला त्यांनी दोन मिनिटांची शिस्त बसवली होती, त्यानंतर चोवीस वर्षांनी आणि दोन फसलेल्या प्रयत्नांनंतर त्यांच्या हाती आकडा आला 1.72 विकला, कमी-जास्त 0.11. 1919 च्या कोणत्याही आकड्यापेक्षा तो नेमका होता, आणि तोही पूर्वी उलट निष्कर्ष सांगून बसलेल्या माणसाच्या मोजणीतून आलेला. एव्हरशेडही हिंदुस्थानची मोहीम घेऊन वॅललला हजर होते. यंत्राने दगा दिल्यामुळे त्यांच्या काचा उपयोगी पडल्या नाहीत. 1898 साली एकाच सावलीखाली, पण चारशेहून अधिक किलोमीटर दूर उभे असलेले हे दोघे या वेळी एकाच किनाऱ्यावर होते. प्रकाश गुरुत्वाकर्षणाने वाकतो ही गोष्ट निर्विवाद झाली ती तारीख मी 1919 नव्हे, वॅललची मानतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. या गोष्टीत आपली फक्त जमीन आहे, माणसे परकी आहेत. 1896-97 च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळलेला, मुंबई-पुण्यात प्लेग, पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध होऊन सात महिने झालेले, टिळक तुरुंगात, आणि अशा देशात साहेब दोन मिनिटांच्या काळोखासाठी तंबू ठोकतात. हे चित्र खरे आहे आणि ते झाकू नये. पण त्यामुळे गोष्ट परकी होत नाही. जेऊरला नायगमवाला होते, आणि त्यांची वेधशाळा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये होती. पुढच्या पिढीत कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजला गेले, एडिंग्टन यांच्या सहवासात शिकले आणि 1932 पासून बनारसला त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. त्यांचे विद्यार्थी प्रल्हाद वैद्य यांनी 1943 साली प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. 1979 साली पहिला जुळा क्वेसार सापडला, म्हणजे मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने एकाच्या दोन प्रतिमा झालेला. तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, नरसिंह, सुब्रमण्यन आणि जयंत नारळीकर अशा गुरुत्वीय भिंगांच्या गणितावर काम करू लागले. त्या जुळ्या प्रतिमांपैकी एकीतला प्रकाश दुसरीपेक्षा सुमारे 417 दिवस उशिरा पोचतो. वाट वेगळी, आणि वाटेतला उशीरही वेगळा.

वर्धा, अमरावती आणि सोलापूर जिल्ह्यांच्या इतिहासात 22 जानेवारी 1898 ची नोंद हवी, आणि ती नुसती ‘साहेबांनी ग्रहण पाहिले’ एवढी असू नये. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला सांगेल की प्रकाश वाकतो हे एडिंग्टनने 1919 साली सिद्ध केले, तेव्हा त्याला वॅललची तारीख सांगा, पुलगावच्या न्यूऑल यांची शंका सांगा, आणि कॅम्पबेल त्याआधी जेऊरला आले होते हेही सांगा.